डावीकडची सीट

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. म्हणजे… आयुष्यात एकदाच बोलली. ते खोटं याच गोष्टीत आहे. पुढे येईलच.

दिवस होता गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. ठिकाण, पाथर्डी तालुका. तिसगावच्या फाट्यावरून आत गेलं की एक बंद पडलेलं मिशनचं हॉस्पिटल लागतं, त्याच्या मागची शेड. आणि वेळ दुपारी बाराची. लख्ख ऊन होतं. अंधार, पाऊस, कुत्र्यांचं रडणं, यातलं काहीही नव्हतं.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

गावाचं नाव सांगणार नाही. गाडीच्या कंपनीचंही नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन कसे असतात मला माहीत आहे. गाडीत कुणीतरी आहे म्हटल्यावर पळून जायच्या ऐवजी विचारतील, तिच्यासकट मिळेल का?

तर माझी बहीण कृपा. वय त्रेचाळीस. तिच्या वडिलांचं नगरला मार्केट यार्डाच्या मागे गॅरेज होतं. शाळा सुटली की ही गॅरेजात. बाकीच्या मुली भातुकली मांडायच्या तेव्हा ही प्लग घासत बसायची. कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकली. आजही एखादं इंजिन हाताला लागेना झालं की नगरमधले दोन-तीन मिस्त्री तिला फोन करतात. “ताई, जरा ऐकून जा ना.”

ऐकून जा म्हणजे काय, ते सांगते. हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर तिच्याकडे आहे, वडिलांचा. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. इंजिनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. कुठला टॅपेट वाजतोय, कुठलं बेअरिंग घासतंय. कृपा डाव्या कानाने ऐकते.

त्या डाव्या कानाचं लक्षात ठेवा.

चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. अँड्र्यू सर, भूगोलाचे मास्तर. शांत माणूस. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको प्रार्थना त्या मिशन हॉस्पिटलात सिस्टर होती. बारा वर्षांपूर्वी वारली.

कृपाच्या हॉलमध्ये त्या दोघांचा लग्नाचा फोटो आहे. दोघं गाडीत बसलेत. ठेंगणी, उघड्या टपाची, गडद हिरवी विलायती गाडी. हॉस्पिटलच्या डॉक्टरांची होती, लष्करी छावणीतल्या कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली. लग्नाच्या दिवशी डॉक्टरांनी हौसेने या दोघांना दिली. गाडीला दोनच सीटा. उजवीकडे सर, डावीकडे प्रार्थना. तिचा हात दारावर, बोटात अंगठी.

तो फोटो कृपा रोज पुसते. नऊ वर्षं पुसतेय.

“बाई वाईट असती ना ताई, तर किती सोपं झालं असतं,” ती मला एकदा म्हणाली. “पण मेली सगळ्यांशी चांगली होती.”

लोकही बोलता बोलता सांगणार. प्रार्थना सिस्टरच्या हातचं इंजेक्शन कळायचंच नाही. प्रार्थना सिस्टर गायला लागली की चर्चमधली लहान लेकरंसुद्धा गप्प. आणि आमच्या कृपाचा आवाज सायलेन्सर फाटल्यासारखा. हे तीच सांगते.

तर ऑक्टोबरात एके दिवशी सर म्हणाले, “डॉक्टरांच्या मुलानं गाडी विकायला काढलीय.”

“कुठली गाडी?”

सरांनी फोटोकडे पाहिलं.

“घ्यायची म्हणता?”

“तू बघ. तू ऐकून सांग. तू नाही म्हणालीस तर नाही.”

आता तुम्हीच सांगा. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची गाडी, आणि ती तपासायला दुसरी बायको.

कृपाने मला फोन केला. “ती गाडी माझ्या दारात आली ना ताई, तर मी जन्मभर तिच्याकडे बघत भांडी घासायची. मी खोट काढणार त्यात. जुनी गाडी आहे, एखादी तरी निघेलच.”

“आणि नाही निघाली तर?”

“तर घालीन.”

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

त्या रविवारी सकाळची उपासना उरकून दोघं निघाले. घरची छोटी अल्टो, सर चालवत होते, कृपा शेजारी. करंजी घाटात सर नेहमीसारखे हळू झाले. तिथल्या एका वळणावर तर ते इतके हळू होतात की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव घेतात. भित्रेपणा आहे, असंच कृपा समजायची.

घाट उतरल्यावर गावं लागली. पण गावात माणूस दिसेना. दिवाळी संपली होती, कारखाने सुरू झाले होते. अर्धी गावं ऊसतोडीला गेलेली. घरांना कुलपं. ओट्यावर एखादी म्हातारी, दारात एखादी शेळी. बाकी सगळं गप्प.

हॉस्पिटलच्या फाटकाशी लंकाबाई उभी होती. पूर्वी तिथे आया होती, आता राखण करते. पोरं-सुना तोडीला गेल्या, ही एकटी मागे.

“आलं का मास्तर? लई वर्सांनी!” ती सरांना म्हणाली. मग कृपाला वरून खालपर्यंत पाहिलं. “ह्या नव्या बाई व्हय?”

“नऊ वर्षं झाली मावशी. जुनी झाले आता.”

“तरी सिस्टरम्होरं नवीच की.”

कृपा हसली. पण पिशवीतल्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ तिने घट्ट धरली होती.

शेडमध्ये गाडी होती. लंकाबाईने वरची ताडपत्री ओढली.

फोटोतल्यासारखीच… फक्त रंग जरा मेलेला.

सर पुढे झाले. कृपाला वाटलं, आता उजवीकडे जातील, स्टेअरिंगला हात लावतील. कुठलाही पुरुष तेच करतो.

सर डावीकडे गेले.

त्यांनी दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरले… कुणाला बसायला वाट द्यावी तसे.

क्षणभर थांबले. मग दार हलकेच लावलं. आत कुणाची साडी अडकू नये, अशी काळजी घेत.

कृपाने ते पाहिलं. तिला वाटलं ते भय नव्हतं, मत्सर होता. तो ती मान्य करते.

“मावशी, सरांना चहा द्या,” ती म्हणाली. “मला इथं एकटीला काम करू द्या.”

सर आणि लंकाबाई व्हरांड्याकडे गेले. कृपाने पदर खोचला.

तिने फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. पत्र्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की चुंबक सुटतं. कुठेच सुटलं नाही. खाली वाकून चेसिस पाहिली. गंज नाही. दारं नीट लागत होती. जसजशी खोट सापडेना तसतशी ती चिडत गेली.

मग तिने बॉनेट उघडलं.

आरसी बुकातला चेसिस नंबर जुळला. इंजिन नंबर… जुळेना.

तिने फडक्याने पुसून पुन्हा पाहिलं. नंबर वेगळा होता. इंजिन दुसरं होतं! अँबॅसेडरचं. त्या काळच्या या दोन गाड्यांची इंजिनं एकाच घराण्यातली, थोडी ठोकठाक केली की बसतात. हे कृपाला वडिलांच्या गॅरेजातच कळलेलं.

ती जवळजवळ पळतच व्हरांड्यात गेली. “अहो, ही ती गाडीच नाही! इंजिन बदललंय. नुसता सांगाडा तेवढा जुना.”

सरांनी कप खाली ठेवला. “सीटा तर त्याच आहेत ना?”

कृपाला तो प्रश्न लागला. इंजिन म्हणजे गाडीचा जीव, आणि याला सीटांची पडलीय!

“व्हय, इंजन दुसरं हाय,” लंकाबाई म्हणाली. “डाक्टरांनीच बसिवलं, म्हातारपनी. पयलं जाम झाल्तं. बॅटरी नवी हाय बगा, लावा चालू.”

कृपा परत शेडमध्ये आली. किल्ली फिरवली, सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं.

सुंदर लागलं. धूर नाही, थरथर नाही. कृपाने मनातल्या मनात डॉक्टरांना शिव्या घातल्या.

आणि मग तो आवाज आला.

टक… टक.

थांबला.

टक… टक.

टॅपेट, तिला वाटलं. सापडली खोट! तिने रेस वाढवली. टॅपेटचा आवाज इंजिनच्या वेगाबरोबर पळतो.

हा पळाला नाही.

इंजिन घोंघावत होतं, आणि हा आपला सावकाश… टक… टक. धातूवर धातू. थोडा वेळ गप्प. पुन्हा दोनदा.

कृपाने स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिल्या सिलिंडरवर टोक टेकवून मूठ कानाला लावली. स्वच्छ. दुसरा, स्वच्छ. तिसराही.

चौथ्यावर टोक टेकवलं…

इंजिनचा आवाजच बंद झाला.

हात इंजिनवर होता, त्याची धडधड तळव्याला लागत होती. पंखा डोळ्यांसमोर फिरत होता. पण कानात काहीच नाही. रिकाम्या खोलीत उभं राहावं, तशी शांतता.

मग… श्वास.

कुणाचा तरी. दुखणं दाबून घेतलेला. दातांवर दात ठेवून घेतलेला.

आणि बाईचा आवाज. अगदी कानाच्या पाळीशी.

“हळू… अँडी, हळू.”

स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. त्याबरोबर इंजिनचा सगळा आवाज एकदम परत आला.

शेडमध्ये कुणी नव्हतं. व्हरांडा पन्नास पावलांवर. तिथे सर आणि लंकाबाई बसलेले दिसत होते.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. कृपा पळाली नाही. तिला भीती वाटलीच, पण त्या भीतीच्याही वर एक गोष्ट येऊन बसली होती.

अँडी.

नऊ वर्षं ती या माणसाला ‘अहो’ म्हणत होती. त्याला कुणी अँडी म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“मी चक्कर मारून येते,” ती तिथूनच ओरडली, बॉनेट लावलं आणि उजवीकडे बसली. डावीकडची सीट रिकामी.

फाट्याकडे जाणारा रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. कृपाने गाडी तीसवर नेली. सगळं ठीक. पस्तीस. ठीक. चाळीस…

टक… टक.

डावीकडच्या दारातून आला.

तिने वेग कमी केला. आवाज थांबला. पुन्हा चाळीस.

टक… टक.

तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा चाळीसला आला, आणि तीसवर आली की गप्प. मिस्त्रीची पोर ती. म्हणाली, इंजिनच बंद करते. मग काय वाजतंय ते कळेल.

उतारावर तिने गाडी न्यूट्रल केली आणि किल्ली फिरवली. इंजिन मेलं. नुसत्या वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज. गाडी उताराने पळायला लागली. चाळीस झाले असतील…

टक. टक. टक. टक.

घाईने. कुणी घाबरून वाजवावं तसं.

कृपाने ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. तिने डावीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. पण सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या ते ऐकलं. बसल्या जागी कुणीतरी वळतं तेव्हा कुरकुरतात तशा.

कुणीतरी तिच्याकडे तोंड करून बसलं होतं.

समोर बघत, स्टेअरिंग धरून, आमची कृपा बोलली. तिने काय म्हटलं ते तिने मला शब्दन् शब्द सांगितलंय.

“हे बघा बाई. ही सीट तुमची. तुम्हाला लखलाभ. पण घरच्या गाडीत, माझ्या नवऱ्याशेजारी, मी बसते. ती सीट माझी आहे.”

तुरीत कुठेतरी होला घुमला.

मग एकदाच…

टक.

कृपाने गाडी वळवली आणि तीसच्या वर न नेता परत आणली.

सर शेडच्या दारात उभे होते. “काय म्हणतेस?”

इंजिन अव्वल होतं. तसं इंजिन तिने दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि इंजिनच्या बाबतीत कृपा कधी खोटं बोललेली नाही. सख्ख्या भावाची गाडी असो की परक्याची.

“इंजिनच्या क्रँकला तडा आहे,” ती म्हणाली. “वाजतोय. आज ना उद्या तुटणार. घेऊ नका.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांनी स्वतःच ताडपत्री ओढली आणि डावीकडून नीट खोचली. कृपाला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. नाही वाटलं.

फाटकाशी लंकाबाईने कृपाचा हात धरला. सर गाडीत बसले होते.

“इंजन वाईट म्हनलीस व्हय गं? आसंल बाई. लई वाईट रात बघिटलीय त्यानं.”

“म्हणजे?”

“आगं, ते दवाखान्याच्या आंबेसिडरचं न्हाई का! शेवटच्या रातीला सिस्टरला त्याच गाडीतनं नेल्तं नगरला. डायवर नव्हता, मास्तरांनीच चालिवली. फुडं दवाखाना बंद पडला, ती गाडी मोडीत निगाली. डाक्टर म्हनले, इंजन चांगलं हाय, ह्या हिरवीत टाकू.”

कृपाने मागे वळून शेडकडे पाहिलं.

तिने सांगितलं होतं, ही ती गाडी नाहीच. सांगाडा लग्नाच्या दिवसाचा होता. आणि जीव…

परतीला सर चालवत होते. कृपा शेजारी, डावीकडे. घाट लागला. आज सरांचं मन ठिकाणावर नव्हतं. वळण जवळ आलं तरी वेग तसाच.

टक… टक.

मागून. कृपाच्या बरोबर मागून. काचेवर.

डाव्या कानात तो असा शिरला, जणू स्क्रू ड्रायव्हर अजून लावलेलाच आहे.

कृपाने मान वळवली नाही. पण तिला दुसरंच काही दिसलं. सरांचा पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचलला गेला. आवाज आला त्याच क्षणी.

म्हणजे… त्यांनाही ऐकू आला.

“अहो,” ती म्हणाली. “तुम्हाला अँडी कोण म्हणायचं?”

सरांनी गाडी कडेला घेतली. ट्रकवाले हॉर्न वाजवत निघून गेले.

“हे नाव तुला कुणी सांगितलं?”

“मी विचारलं ते सांगा.”

“ती. दोघंच असलो की. आईलासुद्धा माहीत नव्हतं.”

मग ते बोलले. नऊ वर्षांत जे बोलले नव्हते ते, घाटातल्या कठड्याशी गाडी लावून, भर दुपारी.

त्या रात्री प्रार्थनाच्या पोटात कळ उठली. डॉक्टर बाहेरगावी. ती मागे झोपायला तयार नव्हती, पुढेच बसली. सर जीव खाऊन चालवत होते. रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव जायचा. तिची लग्नापासूनची सवय होती, सर वेगात गेले की अंगठी दारावर वाजवायची. दोनदा. त्या रात्री काचेवर वाजवली.

“‘हळू, अँडी, हळू,’ म्हणत होती. मला तिची कळ बघवेना. मग मी हळू केली. सगळा घाट हळू चढलो. या वळणावर आवाज थांबला. मला वाटलं, झोप लागली.” सर थांबले. “नगरला डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर…”

कृपाने हँडब्रेक ओढला.

“अंगठी तिच्या बोटातच राहू दिली मी. शवपेटीतही. पण आवाज येतो, कृपा. बारा वर्षं. प्रत्येक गाडीत. नेहमी तुझ्या सीटवरून यायचा. तू बसलेली असायचीस, आणि तुझ्या पलीकडून यायचा. आज पहिल्यांदा मागून आला.”

“आणि ती हिरवी गाडी?”



“मला वाटलं, तिला तिची सीट मिळाली… लग्नातली… तर ती तिथं जाऊन बसेल. मग ही सीट तरी पूर्ण तुझी होईल.”

कृपा म्हणते, ताई, त्या वेळी मला त्या भुताची भीती नाही वाटली. मला स्वतःची लाज वाटली.

“जाऊ दे,” सर म्हणाले. “क्रँकच गेलाय म्हटल्यावर काय करणार.”

घरी पोहोचल्यावर रात्री तिने कबूल केलं. सर आधी ऐकत राहिले. मग हसले, खूप दिवसांनी. “इंजिनबद्दल खोटं बोललीस? तू? एवढी जळतेस?”

“हो,” कृपा म्हणाली.

“बावळट,” ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने डॉक्टरांच्या मुलाला फोन लावला. गाडी गेली होती. रविवारी संध्याकाळीच पुण्याच्या कुणीतरी बोलून ठेवली होती. पुढे कळलं, त्या माणसाने हे इंजिन काढून टाकलं. त्याला मूळच्या जातीचंच बसवायचं होतं. अँबॅसेडरचं इंजिन कुठल्या भंगारात गेलं, कुणाला माहीत नाही. कृपाने चार ठिकाणी चौकशी केली. नंबर तिला पाठ आहे. सापडलं नाही.

फोटो अजून हॉलमध्येच आहे. कृपा रोज पुसते. पण आता पुसताना त्याच्याशी बोलते, आणि ते सगळंच काही गोड नसतं.

एवढ्यावर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नसती. बहिणीचा संसार आहे. पण जानेवारीत पाथर्डीला एक लग्न होतं, आणि मी त्यांच्या गाडीतून गेले.

सर चालवत होते. कृपा पुढे, तिच्या सीटवर. मी मागे. बसताना सवयीने डावीकडे सरकायला लागले तर कृपा पटकन म्हणाली, “ताई, तू उजवीकडेच बस.” डावीकडच्या सीटवर काहीही नव्हतं. पर्स नाही, आहेराची पिशवी नाही. आहेराची पिशवी कृपाने स्वतःच्या पायाशी कोंबली होती.

मी काही विचारलं नाही. हात मात्र मांडीवरच ठेवले. मध्ये सीटवर ठेवायचा धीर झाला नाही.

घाट लागला. उशीर झाला होता, सर जरा जोरात होते. मला वळणांवर मळमळतं. मनात आलं, म्हणावं यांना, जरा हळू घ्या.

मी तोंड उघडणार… तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला.

पुढे बसलेले नवरा-बायको एकदमच म्हणाले,

“हो, हो. हळूच चाललोय.”

दोघांच्या आवाजात वैताग होता. घरातल्या माणसाला द्यावं, तसं रोजचं उत्तर.

मी तर अजून काही बोललेच नव्हते.